आखाजीला साल संपते

नाशिकहून सटाण्यामार्गे साक्रीकडे जाणाऱ्या एसटीत वाहकाने माझ्या हातात अर्धे तिकीट ठेवले, तेव्हा मी त्याला दोनदा सांगितले की माझ्याबरोबर लहान मूल नाही आणि मला पूर्ण तिकीट हवे आहे. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा पायाशी ठेवलेल्या दोन मोठ्या बॅगांकडे पाहिले आणि म्हणाला, "ताई, बायकांना आता अर्धेच असते. महिना झाला की. कुठे होता तुम्ही?" राज्यात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे भाडे निम्मे झाले होते आणि मी उतरले होते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. शेजारच्या आजीबाईंनी आपले अर्धे तिकीट ब्लाउजमधून काढून मला दाखवले, जणू मला त्याचा पुरावा हवा होता. गावी पोचल्यावर ज्या प्रश्नाचे उत्तर मला पुढचे कित्येक आठवडे द्यावे लागणार होते, तो प्रश्न वाहकाने तिकिटाबरोबरच फाडून दिला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

मी २०१७ पासून मलावीत होते. आफ्रिकेच्या आग्नेय भागातला हा लहानसा देश. त्याला समुद्रकिनारा नाही, मात्र सुमारे ५८० किलोमीटर लांबीचे एक सरोवर आहे. माझे काम त्या सरोवरापासून दूर, दक्षिणेकडच्या बलाका जिल्ह्यात होते. तिथे आपल्यासारखाच वर्षातून एकदा पाऊस येतो, फक्त तो नोव्हेंबरात सुरू होऊन एप्रिलमध्ये थांबतो. उरलेले सहा-सात महिने लोक कूपनलिकेवरच्या हातपंपावर काढतात. हे पंप दुरुस्त करणे आणि ते गावच्या गावात कसे दुरुस्त करायचे हे शिकवणे, एवढेच माझे काम. मी धुळ्याला पदविका घेतली, नंतर नाशिकजवळच्या एका पंपाच्या कारखान्यात सात वर्षे नोकरी केली आणि मग एका संस्थेमार्फत स्वयंसेविका म्हणून गेले. कराराची मुदत एक वर्ष होती. तो पाच वेळा वाढला.

गावात हे सांगणे वाटले होते त्यापेक्षा अवघड निघाले. पहिली अडचण देशाच्या नावाची होती. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी "मलावी" हे "मालेगाव" ऐकले आणि तीन दिवस त्या चार घरी सांगत राहिल्या, की पोरगी सहा वर्षे मालेगावला होती आणि एवढ्या काळात एकदाच घरी आली, बापाच्या मातीलासुद्धा आली नाही. मालेगाव आमच्यापासून एसटीने दोन-अडीच तासांवर आहे. हा गैरसमज दूर व्हायला बराच वेळ लागला आणि दूर झाल्यावरही काकूंच्या नजरेतला राग पूर्ण गेला नाही. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही.

दुसरी अडचण "स्वयंसेविका" या शब्दाची. आपल्याकडे हा शब्द ऐकला की गणेशोत्सवातला छातीवर बिल्ला लावून गर्दी आवरणारा मुलगा आठवतो किंवा आरोग्य शिबिरात नावे लिहून घेणारी मुलगी आठवते. सहा वर्षे कोणी बिल्ला लावून राहते, हे कोणाला पटत नाही. त्यामुळे सगळे थेट पगारावर येतात. आमच्या चुलत आजीने तर मी पाया पडून उठायच्या आतच विचारले, "तुना पगार कितला व्हता वं?" मी सांगितले की पगार नव्हता, राहण्याखाण्यापुरता भत्ता होता, राहायला खोली होती, जाण्यायेण्याचे विमानाचे भाडे त्यांनी दिले आणि दर वर्षी करार नव्याने करायचा होता. आजीने क्षणभर विचार केला आणि समाधानाने मान हलवली. "मंग हाई सालदारकीच शे ना!"

जे खान्देशाबाहेर वाढले त्यांच्यासाठी थोडे सांगते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा माणूस. त्याचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते आणि पुढच्या आखाजीला संपते. ठरलेली रक्कम, काही धान्य, वर्षाचे कपडे आणि अडीअडचणीला उचल, अशी बोली असते. आखाजीच्या आसपास गावोगावच्या पारांवर हीच चर्चा असते, की कोणाचा सालदार कितीला ठरला, कोणाचा टिकला, कोणाचा दुसऱ्याने पळवला. आमच्याकडे ज्याला आकडा माहीत नाही, तो त्या दिवसांत गावात राहत नाही असे समजायला हरकत नाही. आजीचा शब्द मी आधी हसण्यावारी नेला. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र लक्षात आले, की सहा वर्षांत माझ्या कामाचे इतके नेमके वर्णन कोणी केले नव्हते, संस्थेच्या माहितीपत्रकानेही नाही. एकच फरक होता. सालदाराला आपण काय कमावले ते आकड्यात सांगता येते.

सवयींचा गोंधळ वेगळाच. मलावीत कोणाच्याही दारात गेल्यावर अंगणाच्या कडेला थांबून "ओडी!" अशी हाक द्यायची आणि आतून "ओडीनी" असे उत्तर आले तरच पुढे पाऊल टाकायचे. पहिल्या वर्षी मला ही पद्धत विनाकारण औपचारिक वाटत असे. सहाव्या वर्षापर्यंत ती अंगात मुरली होती. इकडे बायका सरळ स्वयंपाकघरापर्यंत येतात, भांड्यावरचे झाकण उचलून आज काय केले ते पाहतात आणि मग म्हणतात, "कव्हय उनी?", म्हणजे कधी आलीस. पहिल्याच आठवड्यात मी चुलतकाकांच्या दाराशी खाली मान घालून उभी राहिले, हाक मारायला तोंड उघडले आणि तोंडातून "ओडी" बाहेर पडले. काका आतून ओरडले, "कोण आहे? काय पाहिजे?" त्यांना वाटले दारावर कोणी विकायला आले आहे.

अहिराणीचेही तसेच. कळत सगळे होते, बोलताना शब्द अडखळत होते आणि त्या फटीत चिचेवा, म्हणजे मलावीतली भाषा, घुसत होती. आईने ताटात कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचे भरीत वाढले तेव्हा मी "झिकोमो" म्हणाले. आईने विचारले, "म्हणजे आणखी वाढू?" मी म्हटले, "म्हणजे आभार." आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "जेवणाचे आभार मानायला तू कोणाच्या घरी आली आहेस?"

तूरडाळीबद्दल एक गोष्ट मात्र मी न विचारता सांगितली आणि ती सर्वांना आवडली. दक्षिण मलावीत मक्याच्या सऱ्यांमध्ये तूर लावतात. तिथे तिला "नांडोलो" म्हणतात. २०२१ मध्ये भारताने मलावीशी करार केला आणि पाच वर्षे दर वर्षी ५०,००० टन तूर खासगी व्यापारातून तिकडून आणायचे ठरले. आमच्या पंप समितीतल्या बायका तूर विकून आलेल्या पैशांतून पंपाची वर्गणी भरत असत, म्हणजे धुळ्यातल्या एखाद्या किराणा दुकानातल्या डाळीने बलाकातल्या एखाद्या पंपाचे रबर बदलले असणे अशक्य नाही. भावाला मात्र ही गोष्ट तितकीशी रुचली नाही. तोही तूर लावतो, आणि आयात झाली की तुरीच्या दराचे काय होते हे त्याला विचारावे. त्या वर्षी कांद्याने आधीच त्याला झोपवले होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव इतके पडले होते, की सरकारला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर करावे लागले. मी परदेशातल्या शेतकऱ्याचे भले झाले म्हणून आनंद सांगत होते आणि समोर घरचा शेतकरी बसला होता. परत आलेल्या माणसाला असे बोलताना जीभ आवरता येत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

त्या वर्षी आखाजी २२ एप्रिलला होती आणि योगायोगाने रमजान ईदही त्याच दिवशी. सकाळी शेजारच्या गल्लीतून शिरखुर्मा आला आणि आमच्याकडून सांजोऱ्या गेल्या. खान्देशात आखाजी दिवाळीइतकी मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराई मांडली जाते, दुपारनंतर पुरुषमंडळी पत्त्यांचे डाव टाकतात आणि त्या दिवसापुरते कोणी कोणाला त्याबद्दल बोलत नाही. माझ्या वयाच्या, म्हणजे चाळिशीकडे झुकलेल्या, मैत्रिणी आपापल्या मुलांना घेऊन आल्या होत्या. सासर नसलेली आणि तरीही सहा वर्षांनी माहेरी आलेली मी एकटीच, त्यामुळे झोक्यावर बसावे की झोका द्यावा हे कोणालाच नीट ठरवता येत नव्हते.

सकाळी मात्र घरात वेगळे काम असते. आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यावर लहान मडके, त्याच्यावर खरबूज, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या. वडील जून २०२० मध्ये हृदयविकाराने गेले. तेव्हा दोन्ही देशांची आंतरराष्ट्रीय विमाने बंद होती. अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती आणि ज्या माणसाने गावातल्या प्रत्येक मयतीला खांदा दिला, त्याच्यामागून वीसपेक्षा कमीच लोक चालले. भावाने फोनवरून दाखवण्याचा प्रयत्न केला. बलाकातल्या ज्या खेड्यात मी होते तिथे एका उंचवट्यावरच नेट यायचे. मी तिथे उभी राहिले, चित्र थांबले ते अण्णांच्या पायांवर, आणि नंतर फक्त आवाज येत राहिला. खाली परतले तेव्हा पंपावरच्या बायकांना कोणीतरी सांगितले होते. तिकडे मयत झाली की गावातले काम थांबते आणि बायका शोकाच्या घरात जमिनीवर बसून राहतात. माझ्या खोलीत मयत नव्हती, ती जवळजवळ सहा हजार किलोमीटरांवर होती, तरी त्या दोन रात्री माझ्याजवळ जमिनीवर बसून राहिल्या. कोणी फारसे बोलले नाही. खजिनदार बाईने पहाटे माझ्या बादलीत पाणी भरून ठेवले.

तर, घागर. ती पाहून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिच्यात साधारण बारा लिटर मावेल. धंद्याची सवय जात नाही. तिकडे प्रत्येक भांडे मी लिटरमध्ये मोजत असे. वीस लिटरची बादली, एका बाईच्या दिवसाच्या चार-पाच खेपा, सरकारी हिशेबाने एका पंपावर २५० माणसे. भावाने उंबरठा धुऊन त्यावर कुंकवाचे एकेक बोट उमटवायला सुरुवात केली. आमच्या घरी प्रत्येक बोटाला एकेका पितराचे नाव घेतात. पणजोबा, पणजी, आजोबा, आजी, लहानपणी गेलेले एक काका. ही यादी मला पाठ होती. लहानपणी अण्णा बोट उमटवायचे आणि आम्ही दोघे मागून नावे म्हणायचो. काकांच्या नावानंतर मी गप्प झाले, कारण माझी यादी तिथे संपत होती. भावाने पुढचे बोट उमटवले आणि अण्णांचे नाव त्याच सरळ आवाजात घेतले. त्याच्यासाठी ते तिसरे वर्ष होते. मग निखाऱ्यांवर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकून त्याने आगारी दिली, हात जोडले आणि मला म्हणाला, "नमस्कार कर, धूर डोळ्यांत जाईल नाहीतर." धूर गेलाच.

दुपारी झोपण्याऐवजी मी मारुतीच्या देवळामागे गेले. तिथे आमचा हापसा आहे. लहानपणी या हापशावर रांग असायची आणि दांड्याला लोंबकळून आम्ही दोघी-दोघी मिळून हापसायचो. आता दांडा नव्हता. डोक्याच्या पेटीचे झाकणही गेले होते आणि उभ्या खांबाला कोणाची तरी शेळी बांधलेली होती. हा पंप इंडिया मार्क २ जातीचा. आपल्याकडच्या लोकांना कल्पना नसते, पण या हापशाचा वंश महाराष्ट्रातलाच आहे. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कामातून जे पंप तयार झाले, त्यांतल्या सोलापूर पंपावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने मार्क २ घडवला गेला आणि पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत तो पोचला. मलावीत मात्र आफ्रिदेव नावाचा दुसरा पंप चालतो. त्याचा एक पूर्वज खुद्द मलावीतच घडला होता. आफ्रिदेवची खुबी अशी, की एका पान्याने तो उघडतो आणि खालचा पाइप न काढता आतला दट्ट्या वर ओढता येतो. दोन बायका अर्ध्या दिवसात रबर आणि बुश बदलतात. मार्क २ ला तसे नाही. त्याला लोखंडी पाइप एकेक करून वर घ्यावे लागतात, शिकंजा लागतो, चार-पाच जणांचे बळ लागते आणि तालुक्याचा मेकॅनिक लागतो. एक पंप गावावर विसंबून आहे, दुसरा मेकॅनिकवर. मी शेळी सोडून बाजूला बांधली आणि पेटीत डोकावले. साखळी गंजून एकसंध झाली होती.

संध्याकाळी पारावर मी हापशाचा विषय काढला आणि तिथेच चुकले. एका काकांनी विचारले, "कशाला? घरोघर नळ आहे, ज्याला परवडते त्याची बोअर आहे." मी म्हटले की नळाला चौथ्या दिवशी पाणी येते आणि वीज गेली की बोअर बंद. मग मी वर्गणीचे बोलले, दहा जणांच्या समितीचे, निम्म्याहून जास्त बायका असाव्यात याचे, हिशेबाच्या वहीचे. सगळे ऐकून घेत होते, अगदी आदराने, आणि आदराने ऐकून घेतात तेव्हा कोणी काही करणार नसते. शेवटी एक नाना म्हणाले, "बाई, तुझे आजोबा फडाचे पाटकरी होते. आम्हाला समिती काय असते ते माहीत आहे."

ते खरे होते. आमच्या पांझरेवर दगडी बंधारे घालून पाट काढायचे आणि त्या पाण्याखालची जमीन चार फडांत वाटायची, ही पद्धत काहीशे वर्षांची. एका फडात एका हंगामाला एकच पीक आणि ते कोणते हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे. शेतकऱ्याने स्वतः बारी फोडायची नाही. पाणी पाटकरी सोडणार, देखरेख हवालदार करणार, पिकाची राखण जागल्या करणार आणि त्यांचा मेहनताना धान्यात. आजोबा तीस वर्षे पाटकरी होते. सख्ख्या भावाच्या शेतातसुद्धा त्यांनी पाणी आधी सोडले नाही म्हणून दोन्ही घरांत बोलणे बंद होते, ही कथा मी शंभरदा ऐकली आहे. पुढे वर धरण झाले, घरोघर विहिरी झाल्या, मग बोअर झाल्या आणि फडाचे नियम ज्याला सांगायचे तो माणूसच बंधाऱ्यावर येईनासा झाला. मी बलाकात पहिल्या बैठकीला फडाचीच गोष्ट सांगितली होती. तिथल्या म्हाताऱ्या गावप्रमुखाला ती इतकी आवडली, की पाटकऱ्याने भावाला पाणी नाकारल्याची कथा त्याने पुढे आणखी तीन गावांना सांगितली. आजोबांची ती कथा मलावीत चालते आहे आणि आमच्या पारावर ती माझ्याच तोंडावर फेकली गेली.

चिचेवात एक म्हण आहे: पाहुणा धारदार पाते घेऊन येतो. घरच्या माणसांना न तुटणारी गाठ पाहुण्याच्या हातून तुटते, असा तिचा अर्थ. सहा वर्षे मला ती म्हण माझ्या कौतुकाची वाटली. गावी आल्यावर तिची दुसरी बाजू कळली. तिकडे माझी भाऊबंदकी नव्हती. माझ्या आजोबांनी कोणाचे पाणी अडवले नव्हते, माझ्या भावाने कोणाच्या बांधाला हात लावला नव्हता, माझ्या लग्नाचे काय झाले हे कोणाला ठाऊक नव्हते. शिवाय तिकडे मी पहिले दोन महिने तोंड उघडले नव्हते. पंपाशेजारी बसून फक्त बादल्या मोजल्या होत्या. इथे तिसऱ्या दिवशी भाषण दिले, कारण मला वाटले की हे माझे गाव, मला ते माहीत आहे.

भावाशी झालेले भांडण याच जातीचे. त्याला शेतात तिसरी बोअर घ्यायची होती. पहिल्या दोन आटल्या होत्या. जेवताना त्याने खोली आणि फुटाचा दर सांगितला आणि मी हातातला घास ठेवून त्याला भूजलावर व्याख्यान दिले. शेजाऱ्यापेक्षा खोल जाण्याची ही शर्यत कुठे थांबणार, आधी पुनर्भरण कर, बंधाऱ्यातला गाळ काढा, वगैरे. त्यातले एकही वाक्य चूक नव्हते. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "कॉलरा झाला तेव्हा तू तिकडे थांबलीस. वादळ झाले तेव्हा थांबलीस. इकडे दोन बोअर आटल्या तेव्हा कोणी आले होते का?" २०२२ मध्ये सुरू झालेल्या कॉलराच्या साथीत मलावीत सतराशेहून अधिक माणसे गेली आणि मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिणेकडचे जिल्हे धुऊन नेले. दोन्ही वेळी मी मुदत वाढवून घेतली होती आणि दोन्ही वेळी घरी फोन करून अभिमानाने सांगितले होते. आईने ताट उचलले. पुढचे काही दिवस आम्ही भाऊबहीण आईमार्फत बोलत होतो.

या सगळ्यात आमच्या सालदाराचे साल संपले. त्यांना आम्ही मामा म्हणतो. ते तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका पाड्याचे. अण्णा असल्यापासून आमच्याकडे आहेत आणि दर आखाजीला पंधरा दिवस पाड्यावर जातात. बोली ओट्यावर बसून झाली. भावाने एक लाख दहा हजार म्हटले, मामांनी एक तीस म्हटले, एक वीसला तुटले, ज्वारी आणि कपडे वेगळे. भाव ठरल्यावर वहिनीने चहा आणला. मामांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि माझ्याकडे वळून विचारले, "तुमचे साल संपले का, ताई?"

मी म्हटले, संपले.

"पुन्हा ठरले का कुठे?"

मी म्हटले, नाही, अजून नाही.

त्यांनी मान हलवली. बिनसालाचा माणूस आखाजीनंतर किती अवघडलेला असतो हे त्यांना ठाऊक असणार. मग म्हणाले, की पाड्यावरचा हापसा दिवाळीपासून बंद आहे, दांडा मारला की हलका लागतो, पाणी येत नाही. बायका खाली ओढ्यात झिरा खणून वाटीने पाणी भरतात. मेकॅनिकला दोनदा निरोप दिला. "तुम्ही तेच काम करत होता म्हणे. येऊन पाहाल का?"

सहा वर्षांनी गावी आल्यापासून मला कोणी काम सांगितले ते हे पहिले. आणि सांगितले तेही गावाबाहेरच्या माणसाने, जिथे मी पुन्हा पाहुणी असणार होते, हेही माझ्या लक्षात आले. मी हो म्हटले. शिकंजा आणि पाइप उचलायचे पाने आमच्याकडे नव्हते. भाऊ आतापर्यंत वहीत सालदारकीचा आकडा लिहीत होता, तो मान वर न करता आईला म्हणाला, "तिला सांग, बोअरवाल्याकडे शिकंजा मिळतो. मी आणतो."

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघे मोटारसायकलींवरून वर गेलो. पाड्याच्या तोंडाशी मी उतरले, अंगणाच्या कडेला थांबले आणि हाक मारायच्या आधी दोन बायका हसत पुढे आल्या. मी त्यांना पंपाबद्दल काही सांगितले नाही. तासभर झिऱ्याजवळ बसले. वाटीने हंडा भरायला लागणारा वेळ मोजला, तो बावीस मिनिटे होता. मग पंप उघडला. साखळी चांगली होती, दांड्याचे बेअरिंग चांगले होते, म्हणजे दोष खाली होता. पाड्यावरची चार मुले, मामा आणि भाऊ मिळून पाइप वर घेऊ लागले. तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप, प्रत्येक पाइप मोकळा करताना शिकंज्यात खालची सगळी ओळ धरून ठेवावी लागते. हात सुटला तर सगळे बोअरमध्ये. शिकंज्यावर भाऊ बसला होता. प्रत्येक पाइप निघाला की तो मोठ्याने आकडा म्हणायचा, आखाजीला नावे घेतो त्याच सरळ आवाजात, आणि मी तो वहीत लिहायचे. सात. आठ. नऊ.

दहाव्या पाइपाच्या टोकाला सिलिंडर आले. ते खोलले तर आतले दोन्ही वॉशर झिजून चिंध्या झाले होते, बाकी पितळ अजून चकचकीत होते. मी ते तुकडे भावाच्या तळहातावर ठेवले. त्याने ते अंगठ्याने चोळून पाहिले आणि खिशात टाकले.

"धुळ्याला मिळतील," तो म्हणाला, पहिल्यांदाच सरळ माझ्याशी. "उद्या मला जायचेच आहे. किती आणू?"

मी म्हटले, चार आण.